सिनोपच्या बंदरातले अडतीस जण

१५ सफर, हिजरी १२७०, गुरुवार

सकाळी 'बाद-ए-सबा' या लढाऊ जहाजावरून होडी आली. होडीत रासिम उभा होता, त्या जहाजाचा हकीम. राजधानीच्या वैद्यकीय विद्यालयात तो माझ्या दोन वर्षं मागे होता. त्या सवयीने तो मला अजूनही 'आबी' म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. मी चव्वेचाळीस वर्षांचा, या बंदराच्या क्वारंटाईनचा प्रमुख, आणि माझ्या कारकुनासमोर हा असा हाक मारतो. मला ते आवडतं, हेही लिहून ठेवायला हवं.

आमचं आरमार चार दिवसांपूर्वी वादळातून कसंबसं बंदरात शिरलं. रशियाशी युद्ध पुकारून सहा आठवडे झाले. हिवाळ्याच्या तोंडावर काळ्या समुद्रात माणसं धाडली ती उन्हाळी कपड्यांत. मोठी जहाजं मात्र बॉस्फरसमध्ये बांधून ठेवली आहेत. परक्या देशांच्या राजदूतांना ती इकडे नको आहेत म्हणतात. खलाशांचा कोट कोणाच्या खिशात गेला हे मला विचारायचं नाही. पण संताप येतो.

रासिमच्या जहाजावर एकेचाळीस जण अंगावर पुरळ उठणाऱ्या तापाने आडवे आहेत. मी धक्क्यावर दहा पावलं मागे उभा राहून बोललो, तो होडीतून.

"आबी, खालच्या मजल्यावर पाणी साचतंय. ओल्या झोळ्यांत पडलीत पोरं. तुमची ही लांबलचक कोठी रिकामी दिसतेय."

"रिकामी नाही, सज्ज आहे. चाळीस खाटा."

"मग उतरवू?"

मी त्याला क्वारंटाईनचा सातवा नियम म्हणून दाखवला. मला तो तोंडपाठ आहे. परदेशी बंदरातून आलेल्या जहाजावर साथीचा ताप असल्यास पिवळं निशाण चढवावं आणि मंडळाच्या लेखी परवानगीवाचून एकाही जिवंत माणसाला किनाऱ्यावर उतरू देऊ नये.

"आम्ही इस्तंबूलहून आलोय," रासिम म्हणाला. "ते परदेश कधीपासून झालं?"

"ताप काय गाव विचारून येतो?"

तो हसला. "तुम्ही विद्यालयातही असेच होतात. प्रेताची चिरफाड करायच्या आधी त्याची परवानगी मागाल."

त्याने रुग्णांचं टाचण काठीच्या चिमट्यात धरून पुढे केलं. मी ते गंधकाच्या धुरीच्या पेटीत टाकलं. उद्या राजधानीतल्या क्वारंटाईन मंडळाला पत्र लिहीन.

१७ सफर, शनिवार

डाकेची आगबोट सकाळी नऊला सुटली. माझं पत्र तिच्यात नाही.

जहाजावरून आलेला कोणताही कागद एक दिवस एक रात्र धुरीत ठेवायचा, मग वाऱ्यावर टाकायचा आणि मगच हाताळायचा, असा आमच्याकडचा रिवाज. रासिमचं टाचण काल संध्याकाळी बाहेर काढलं, तर कागद दमट. थिओदोसी, माझा कारकून, म्हणाला, "एफेंदी, काय लिहिलंय ते दिसतंय की. चिमट्यात धरून वाचा आणि लिहून टाका." मी म्हटलं, जो नियम मी मोडला तो उद्या तू मोडशील. कागद आज दहाला सुकला. तोवर बोट भूशिरामागे गेली होती.

आता पत्र खुश्कीच्या मार्गाने तातार स्वाराबरोबर गेलं. जायला नऊ दिवस, यायला नऊ. "एकेचाळीस रुग्ण, प्रकृती गंभीर, उतरवण्यास परवानगी असावी." अक्षर चांगलं आलं.

मी चुकलो का? पुष्कळ विचार केला. सहा वर्षांपूर्वीच्या पटकीत मी एका मासेमाराची होडी दया येऊन आत घेतली होती. गावातली दोनशे अकरा माणसं गेली. त्यात आमची फेरीदे होती, सात वर्षांची. त्यानंतर मी दयेवर विश्वास ठेवत नाही.

२१ सफर, बुधवार

क्षितिजावर तीन रशियन जहाजं. प्रत्येक जहाज आमच्या सर्वांत मोठ्या जहाजाच्या दीडपट.

धक्क्याजवळच्या बुरुजावर दुर्मुश चाऊश आहे, तोफखान्याचा म्हातारा हवालदार. तो पायरीवर बसून भाजलेली चेस्टनट सोलत होता.

"हकीम एफेंदी, या इकडे, गंमत दाखवतो. ही माझी तोफ. आणि तिच्या बरोबर तोंडासमोर काय उभं आहे?"

आमचंच जहाज होतं. सगळं आरमार किनाऱ्याला लागून असं कमानीत नांगरलं आहे की बुरुजांच्या तोफा शत्रूआधी त्यालाच लागतील.

"तुम्ही वर कळवलं नाही?"

"कळवलं. म्हणाले, तोफ हलव." त्याने माझ्या हातावर एक चेस्टनट ठेवलं. "ही तोफ माझ्या आज्याच्या लग्नात हलवली होती म्हणतात."

मी तिथून रागाने निघालो. एवढी साधी गोष्ट कोणाला दिसू नये? जहाजं पाचशे हात सरकवायची, बस. पण सरकवायचा हुकूम कोणी द्यायचा, यावर तीन कचेऱ्यांत पत्रं फिरत असतील. डोळ्यांनी दिसतंय ते करायला या देशात कागद लागतो.

दुपारी रासिम पुन्हा आला. तिघे गेले. प्रेतं चुन्यात पुरण्यासाठी किनाऱ्यावर आणायला नियमाची हरकत नाही, म्हणून मी ती घेतली. रासिम होडीत उभा राहून बघत होता.

"म्हणजे तुमच्या किनाऱ्यावर यायला आधी मरावं लागतं," तो म्हणाला.

मी वहीतला आकडा खोडला. आता अडतीस उरले.

२४ सफर, शनिवार

काल दिवसभर रासिमचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून आज स्वतः पाशांकडे गेलो. हे आमच्या जिल्ह्याचे कारभारी. शेगडीजवळ बसून कॉफी पीत होते. मी विनंती केली की युद्धाची वेळ आहे, आपण विशेष हुकूम काढावा, मी रुग्ण उतरवून घेतो.

"ताप तुमच्या खात्याचा, हकीम एफेंदी."

"आपण लिहून दिलंत तर..."

"मी लिहून दिलं आणि गावात एक माणूस मेला, तर तुम्ही माझा कागद दाखवाल. नाही का?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"मग तुम्हीच का नाही घेत जबाबदारी?" त्यांनी कपाची बशी पुसली. "रशियन काही करणार नाहीत. बंदरात घुसून मारलं तर त्यांना जगात तोंड दाखवता येणार नाही."

अंगणात त्यांचे दोन घोडे खोगीर चढवून उभे होते. मी खोगिराकडे बघतोय हे बघून मोतद्दार म्हणाला, "पाशांना रपेटीची आवड आहे." या गारठ्यात, गुडघाभर चिखलात. ज्याच्या हातात एक सही आहे तो माणूस ती सही करत नाही, कारण उद्या कोणी ती त्याला दाखवेल. अशा माणसाला काय म्हणावं? घरी येऊन जेवलोही नाही.

२६ सफर, सोमवार

आता सहा रशियन जहाजं आहेत.

माझी बायको नाझिके खाटांच्या गाद्यांना खोळी शिवते आहे. आज तिने सुई खाली ठेवली.

"अहो एफेंदी, या गाद्या कोणासाठी शिवतेय मी?"

"परवानगी आली की रुग्णांसाठी."

"परवानगी येईतो हे लोक," तिने खिडकीतून समुद्राकडे हात केला, "वाट बघणारेत?"

मी म्हटलं, पटकीच्या वेळी काय झालं ते तू विसरलीस का? तिचा चेहरा बदलला. मग ती हळू बोलली. "फेरीदेला मी विसरेन? पण तिच्या नावावर आणखी किती जणांना दाराबाहेर ठेवणार आहात? कोठी गावाबाहेर आहे. भिंत आहे. पहारा बसवा, अन्न मी दोरीने आत सोडीन. तुम्हाला भीती गावाची आहे, की पुन्हा तुमचं चुकेल याची?"

मी तिच्यावर आवाज चढवला. पंधरा वर्षांच्या संसारात तिसऱ्यांदा. ती बाईमाणूस आहे, साथ कशी पसरते हे तिला काय कळणार, असंही म्हणालो. हे वाक्य आता लिहिताना मला खरं वाटत नाही. पटकीत मला जेवढं कळलं तेवढं तिलाही कळलं होतं.

उद्या पहाटे ठरवू. रासिमला निरोप पाठवून निदान दहा सर्वांत वाईट रुग्ण घेता येतील का पाहू. की सगळे? दहा घेतले तरी नियम मोडला तो मोडलाच.

२७ सफर, मंगळवार

पाऊस, जोराचा वारा. होडी जाऊ शकली असती, थिओदोसी तयार होता. मी म्हटलं, उद्या वारा पडेल.

२९ सफर, गुरुवार

काल लिहिता आलं नाही.

बुधवारी दुपारी धुक्यातून ती जहाजं आत आली, सावकाश, लग्नाच्या वरातीसारखी, आणि नांगर टाकून त्यांनी तोफा सुरू केल्या. आमच्या गोळ्यांनी लाकडाला भोक पडतं. त्यांचे गोळे आत जाऊन फुटतात आणि जाळतात. तासाभरात आमचं आरमार आरमार राहिलं नाही. एक जहाज हवेत उडालं, त्याचे तुकडे आणि माणसं मशिदीच्या कौलांवर पडली. मुसलमानांचा मोहल्ला पेटला. दुर्मुश चाऊशने तोफ डागली की नाही मला माहीत नाही. त्याचा बुरुज दिसत नाही आता.

पाशा पहिल्या गोळ्याबरोबर घोड्यावर बसले आणि डोंगराकडे गेले. हे मी स्वतः पाहिलं. मागे त्यांचा कॉफीवाला पळत होता, हातात किटली. त्यांच्यामागे लोक, बायका, पोरं, गाढवं. आग विझवायला बंब होता, पण बंबाच्या खोलीची किल्ली पाशांच्या कारकुनाकडे आणि कारकून पाशांच्या मागे. आम्ही दार फोडलं. थिओदोसी आणि ग्रीक मोहल्ल्यातले सात-आठ जण बादल्या घेऊन आले, बाकी कोणी नाही.

'बाद-ए-सबा' कोठीसमोर तीनशे हातांवर वाळूत रुतून जळत होतं. तीनशे हात. खालच्या मजल्याच्या खिडक्यांतून आधी आवाज येत होते, नंतर नाही. मी पाण्यात कमरेपर्यंत गेलो आणि परत आलो.

ज्यांनी मोठी जहाजं अडवून ठेवली, ज्यांनी हे आरमार तोफांसमोर बांधलं, जो खोगीर चढवून बसला होता, त्यांच्यापैकी एकालाही झोप लागू नये.

माझं नाव त्या यादीत घालावं की नाही, हे ठरत नाही.

३ रबीउल अव्वल, रविवार

चाळीस खाटांवर एकसष्ट जखमी. भाजलेले, हातपाय तुटलेले. कोठीवरचं पिवळं निशाण मी स्वतः काढलं आणि चुलीत घातलं. कोणी विचारलं नाही, कोणत्या नियमाने.

रासिम सापडला. लाटेने त्याला बोटी बांधायच्या कारखान्याजवळ फेकलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आहेत. डावा वाचणार नाही असं वाटतं. तो माझ्याशी बोलत नाही. नाझिके त्याला चमच्याने ताऱ्हानाचं सार भरवते, तिच्याशी बोलतो. आज मी पट्टी बदलताना तो तिला म्हणाला, "भाभी, गाद्या छान झाल्यात." माझ्याकडे न बघता.

६ रबीउल अव्वल, बुधवार

काल इंग्रजांची आणि फ्रेंचांची एकेक आगबोट आली. लढाईच्या दिवशी हे दोन्ही बलाढ्य मित्र बॉस्फरसमध्ये होते. आता त्यांचे हकीम सुती पट्ट्यांचे गठ्ठे घेऊन आले आहेत. एक तरुण फ्रेंच हकीम कोठी बघून म्हणाला, "महाशय, एवढी स्वच्छ व्यवस्था मी पूर्वेकडे पाहिली नाही. तुम्हाला हल्ल्याचा अंदाज होता का?" मी विद्यालयात शिकलेल्या माझ्या चांगल्या फ्रेंचमध्ये त्याला म्हणालो, "अंदाज सगळ्यांना होता." तो खजील झाला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

दुपारी तातार स्वार आला. मंडळाचं उत्तर.

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. उतरवून ठेवतो: "सातवा नियम परदेशी बंदरातून येणाऱ्या व्यापारी जहाजांसाठी आहे. शाही आरमाराच्या रुग्णांबाबत स्थानिक हकिमाने आपल्या विवेकाने निर्णय घ्यावयाचा असून त्यासाठी परवानगीची आवश्यकता नव्हती. यापुढे अशा बाबतीत मंडळास तसदी देऊ नये."

थिओदोसी विचारत होता काय आलं. मी त्याच्या हातात कागद दिला. त्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं नाही, टेबलावरच्या दौतीकडे बघत राहिला. चौदा वर्षं मी या माणसाला नियम शिकवतो आहे.

"परदेशी बंदरातून आलेल्या." पहिल्याच दिवशी मी ते शब्द रासिमसमोर म्हणून दाखवले होते.

९ रबीउल अव्वल, शनिवार

पाशा परत आले. घोडे थकलेले नाहीत. राजधानीला बातमी देण्यासाठी आपण डोंगरापलीकडे गेलो होतो, असं ते सांगतात.

मला बोलावलं. अहवाल तयार होता, फक्त माझ्या दाखल्याची जागा कोरी. त्यात लिहिलं आहे की 'बाद-ए-सबा'वरचे अडतीस रुग्ण लढाईच्या आदल्या रात्रीपर्यंत तापाने दगावले होते आणि हकिमाच्या दक्षतेमुळे साथ गावात शिरली नाही.

"ते जिवंत होते," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी त्यांचा आवाज ऐकला."

"हकीम एफेंदी, बसा." त्यांचा आवाज प्रेमळ होता. "जिवंत होते म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, जहाजावर का होते? त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ आहे. मी तुमच्यासाठी करतोय हे."

"आणि तापाने मेले म्हटलं, तर ते हुतात्म्यांत धरले जाणार नाहीत. घरच्यांना कळेल की अंथरुणात गेले."

"गेलेल्याला काय फरक पडतो? तुम्हाला पडेल. मानाचा बिल्लाही मिळेल कदाचित."

मी लेखणी घेतली. इथे मला खरं लिहायला हवं: मी ती दौतीत बुडवली आणि दाखला लिहायला सुरुवात केली. "दक्षता" या शब्दापर्यंत लिहिला. समोर शेगडी होती, कॉफीचा वास येत होता, आणि हा माणूस माझ्याकडे कृपेने बघत होता. त्या नजरेने माझ्या अंगाची आग झाली. आम्ही दोघं एका जातीचे आहोत असं त्याला वाटत होतं. जी सही करायला तो घाबरला, तीच मीही केली नव्हती.

मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "अडतीस रुग्ण २८ सफरच्या दुपारी जिवंत होते. किनाऱ्यावर खाटा तयार होत्या. त्यांना उतरवण्यास मी मनाई केली. ही मनाई नियमाला धरून नव्हती." सही, शिक्का.

पाशांनी वाचलं. "तुम्ही वेडे आहात," ते म्हणाले. "हा अहवाल आता मला पुन्हा लिहून घ्यावा लागणार."

"मग माझ्याशिवाय लिहा. याची एक प्रत मी फ्रेंचांच्या आगबोटीने मंडळाकडे पाठवतोय."

ते उठून उभे राहिले. मी सलाम न करता निघालो.

११ रबीउल अव्वल, सोमवार

आगबोट आज सुटली, माझा कागद तिच्यात आहे. जखमींना राजधानीला नेलं. रासिम गेला नाही. त्याचा डावा हात काल काढला, ताप आहे.

मी त्याच्या खाटेशी बसलो आणि काय लिहून दिलं ते सांगितलं.

"पुन्हा कागदच," तो म्हणाला. बारा दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"हो."

"नावं लिहिलीत का त्यात?"

नव्हती. पहिल्या दिवसापासून मी आकडाच लिहीत आलो होतो. मी वही आणली. रासिम डोळे मिटून सांगू लागला, झोळ्यांच्या रांगेप्रमाणे, पायऱ्यांपासून सुरुवात करून. रिझेचा शाकिर, लाकूडतोड्या. ओर्दूचा बेकताश. इनेबोलूचे दोघे भाऊ, झिहनी आणि रुश्दी, एकाच झोळीत निजायचे. गिरेसूनचा तुर्हान, याला बायकोचं पत्र रोज वाचून दाखवावं लागे, पत्र एकच होतं. मधे तो थांबे, नाझिके पाणी देई, मग पुढची झोळी.

एकोणतीस झाली. मग त्याने डोळे उघडले.

"पुढची रांग अंधारात होती," तो म्हणाला. "नावं नाही आठवत, आबी."

"जे आठवतं ते सांग."

म्हणून तसं लिहितो. तिसावा, ज्याला कांदा चालत नसे. एकतिसावा, समसूनकडचा, झोपेत म्हशीला हाका मारायचा. बत्तिसावा, रासिमला विचारायचा, किनाऱ्यावर चूल आहे का. रासिमने त्याला सांगितलं होतं, आहे, मोठी आहे, हकीम माझा भाऊ आहे.